उबेचा पहारेकरी

मराठीत उष्णतेला किती नावे आहेत! कोंबडी अंड्यांना देते ती ऊब. गोधडीत शिरल्यावर मिळतो तो उबारा. चुलीपाशी बसले की अंगाला लागते ती धग. वैशाखात भर दुपारी दार उघडताच तोंडावर येते ती झळ आणि तापल्या तव्याला बोट लागले की बसतो तो चटका. पाण्यालाही आपण नुसते गरम म्हणत नाही. ते कोमट असते, कढत असते, उकळते असते. मी कविता लिहिणारा माणूस, म्हणून मला हे शब्द मोलाचे वाटतात. पण या पृथ्वीवर असेही प्राणी आहेत, की ज्यांचे सारे जगणे या शब्दांमधल्या फरकावर अवलंबून आहे. सरडा, पाल, साप, कासव, मगर हे ते सरपटणारे प्राणी.

अलीकडे परदेशात, आणि थोड्याफार प्रमाणात आपल्या शहरांतही, असे प्राणी काचेच्या पेटीत पाळले जातात. थंडीच्या दिवसांत त्या पेटीला ऊब द्यावी लागते. ती ऊब हाताबाहेर जाऊ नये म्हणून एक छोटेसे यंत्र जोडतात, त्याचे नाव थर्मोस्टॅट. उष्णता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की वीज तोडायची, उतरली की जोडायची, एवढेच त्याचे मुख्य काम. बाजारात त्याचे अनेक प्रकार मिळतात आणि त्यांतला कोणता घ्यावा, हा पाळणाऱ्यापुढचा नेहमीचा प्रश्न. वरवर पाहता हा दुकानदाराला विचारण्याचा प्रश्न आहे. पण त्याचे नीट उत्तर हवे असेल, तर आधी या यंत्राचा आणि मग त्या प्राण्याचा इतिहास पाहावा लागतो. हे दोन्ही इतिहास फार काळ एकमेकांना न भेटता चालले होते.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. या प्राण्यांना आपण ‘थंड रक्ताचे’ म्हणतो. प्रत्यक्षात दुपारच्या उन्हात शेकून उठलेल्या वाळवंटी सरड्याचे रक्त आपल्या रक्ताइतके, कधी त्याहूनही गरम असते. फरक आहे तो ऊब मिळवण्याच्या रीतीत. आपण खातो आणि त्या अन्नाचा मोठा भाग केवळ अंग गरम ठेवण्यासाठी जाळतो. आपली भट्टी पोटात आहे. सरड्याची भट्टी आकाशात आहे. तो सकाळी दगडावर येऊन बसतो, अंग उन्हाकडे वळवतो, पुरेसे तापले की सावलीत जातो, गार झाले की परत येतो. अन्न पचवणे, पळणे, जखम भरून येणे ही सारी कामे शरीराला योग्य ऊब मिळाली तरच होतात. पोट भरलेल्या अजगराला थंडीत ठेवले, तर गिळलेले भक्ष्य पचण्याऐवजी पोटात कुजू शकते. म्हणून त्याच्या बाबतीत ऊब हा निम्मा आहारच आहे.

आता यंत्राकडे येऊ. उष्णतेवर पहारा ठेवण्याची गरज माणसाला प्रथम कोठे भासली? अंडी उबवण्याच्या कामात. इजिप्तमध्ये फार प्राचीन काळापासून विटामातीच्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी एकदम उबवली जात. कोंबडीचे काम माणसाने आपल्याकडे घेतले होते. तेथे ना तापमापक होता ना घड्याळ. भट्टीवाला अंडे उचलून डोळ्याच्या पापणीला लावी आणि त्या नाजूक कातडीला काय वाटते त्यावरून जाळ कमी-जास्त करी. ही विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. जगातला पहिला थर्मोस्टॅट म्हणजे माणसाची पापणी, असे म्हणायला हरकत नाही. त्यातली अडचण एकच. पापणीला झोप येते.

न झोपणारा पहारेकरी तयार करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न सतराव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. हॉलंडमधल्या अल्कमार गावी १५७२ साली जन्मलेला कॉर्नेलिस ड्रेबेल हा विलक्षण कारागीर इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आश्रयाला आला होता. थेम्स नदीच्या पाण्याखालून नाव चालवून दाखवणारा तो हाच. त्याने एक भट्टी बनवली. तिच्यात मद्यार्काने भरलेली नळी होती आणि त्या नळीला पाऱ्याची जोड होती. भट्टी तापली की मद्यार्क फुगे, पारा वर ढकलला जाई, पाऱ्यावर टेकलेली दांडी उचलली जाई आणि हवेचे भोक झाकले जाई. हवा कमी झाली की जाळ मंदावे. भट्टी गार होऊ लागली की हेच सारे उलट घडे. आगीच्या हातीच आगीचा लगाम! ही युक्ती त्याने अंडी उबवण्याच्या पेटीसाठीही वापरली. एवढ्या बुद्धीचा हा माणूस उतारवयात लंडनमध्ये दारूचा गुत्ता चालवून पोट भरत होता आणि १६३३ साली तेथेच वारला.

पुढे अठराव्या शतकात फ्रान्समधल्या रेओम्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने कृत्रिम उबेने पक्ष्यांची पिले काढण्याच्या कलेवर १७४९ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इजिप्तच्या भट्ट्यांचा त्याने बारकाईने विचार केला होता. त्यानंतर पॅरिसच्या बोनमँ याने १७७७ च्या सुमारास गरम पाण्याचे नळ फिरवून अंडी उबवण्याची सोय केली आणि दोन वेगळ्या धातूंच्या कमी-जास्त प्रसरणावर चालणारा नियंत्रक तिला बसवला. धातूंच्या याच गुणाचा उपयोग इंग्लंडमधल्या जॉन हॅरिसनने आपल्या समुद्री घड्याळात केला होता. दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडायच्या. तापल्यावर एक जास्त लांबते, दुसरी कमी. मग बिचाऱ्या जोडपट्टीला वाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. या वाकण्यातून कळ दाबता येते, झडप मिटवता येते. १८३० साली अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याला नाव दिले ‘थर्मोस्टॅट’. ग्रीक भाषेत ‘थर्मोस’ म्हणजे उष्ण आणि ‘स्टॅटोस’ म्हणजे स्थिर, थांबलेले.

हे नाव नीट लक्षात ठेवावे, कारण पुढचा घोटाळा याच नावात दडलेला आहे. उष्णता एका जागी थांबवून ठेवणे, हा या यंत्राचा धर्म ठरला. अंड्यांना ते मानवले, कारण अंडे हलत नाही. नंतर ते माणसालाही मानवले. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्ग फार तापला आहे की गारठला आहे हे पाहायला तेथला सेवक सारखा दार उघडून आत येई आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप हलवी. शिकवण्यात येणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सन यांनी विजेवर चालणारे एक साधन तयार केले. खोलीतले तापमान बदलले की ते तळघरात इशारा देई. त्याचे पेटंट १८८३ चे आहे. तीन वर्षांनी, १८८६ साली, मिनियापोलिसच्या आल्बर्ट बट्झ यांना भट्टीची झडप आपोआप हलवणाऱ्या साधनाचे पेटंट मिळाले. या दोघांच्या उद्योगांतून पुढे मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. १९५३ साली हेन्री ड्रेफस यांनी आखणी केलेला हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट तर अमेरिकेतल्या असंख्य घरांच्या भिंतींवर जाऊन बसला. घरभर एकच आकडा आणि त्या आकड्यात सगळे सुखी, अशी ही व्यवस्था होती.

माणसाला एक आकडा चालतो, कारण उरलेले काम त्याचे शरीर आतून सांभाळते. ज्याला आतून काहीच सांभाळता येत नाही, त्याला एका आकड्यात कोंडले तर काय होईल, हा प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांसमोर आलाच नव्हता. तो आला प्राणिसंग्रहालयांसमोर.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी खास घर उघडले गेले. जगातले अशा तऱ्हेचे ते पहिले घर मानतात. पण या प्राण्यांच्या दृष्टीने खरा बदल घडवला तो त्यानंतर सुमारे पाऊण शतकाने, एका तरुण स्त्रीने. त्यांचे नाव जोन प्रॉक्टर. १८९७ साली जन्मलेल्या प्रॉक्टर यांना लहानपणापासून सरपटणाऱ्या प्राण्यांचा लळा होता. शाळेत असताना त्यांनी एक छोटी मगर पाळली होती आणि तिला वर्गातही नेले होते. प्रकृती कायम तोळामासा, त्यामुळे विद्यापीठात जाणे झाले नाही. पण ब्रिटिश म्युझियममध्ये काम करता करता त्या या विषयातल्या जाणकार झाल्या आणि १९२३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात या विभागाच्या प्रमुख नेमल्या गेल्या. त्यांच्या कल्पनेप्रमाणे बांधलेले नवे घर १९२७ साली उघडले. प्रेक्षकांच्या वाटेवर अंधार आणि प्राण्यांच्या दालनांत उजेड, अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच, विजेची ऊब आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी उष्णता, अशी त्याची रचना होती. कोमोडो बेटाकडून आलेली सुंबावा नावाची प्रचंड घोरपड प्रॉक्टर यांच्याबरोबर मोकळी हिंडत असे. प्रॉक्टर १९३१ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेल्या. त्यांनी उभारलेले ते घर पुढे कित्येक दशके वापरात राहिले.

प्रॉक्टर यांनी प्राण्यांकडे पाहून जे ओळखले, त्याचे शास्त्र १९४४ साली अमेरिकेत मांडले गेले. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले साप आणि सरडे अभ्यासले. तोवर समजूत अशी होती, की वाळवंटातले हे जीव कितीही उष्णता सोसतात आणि बाहेर जेवढे तापमान असेल तेवढेच त्यांचे अंग तापते. काउल्स आणि बोगर्ट यांना दिसले ते वेगळेच. हलता न येईल अशा तऱ्हेने भर उन्हात ठेवलेला वाळवंटी प्राणी थोड्याच वेळात मरतो. मोकळा असलेला तोच प्राणी मात्र ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून आपल्या शरीराचे तापमान फार थोड्या अंशांच्या पट्ट्यात राखतो. म्हणजे त्याच्याजवळ थर्मोस्टॅट असतोच. तो त्याच्या मेंदूत असतो आणि झडपेचे काम करतात त्याचे चार पाय. पाय बांधले, की झडप बंद.

त्याहून मनाला भिडणारी गोष्ट १९७४ आणि १९७५ सालच्या प्रयोगांतून कळली. मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेझर्ट इग्वाना जातीच्या सरड्यांना एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार अशा जागेत ठेवले. काहींना रोगजंतू टोचले. आजारी सरडे उठून अधिक गरम बाजूला जाऊ लागले आणि त्यांच्या शरीराचे तापमान नेहमीपेक्षा सुमारे दोन अंशांनी वाढले. आपल्याला ताप येतो. सरडा ताप चालत जाऊन आणतो. पुढच्या प्रयोगात आजारी सरड्यांना वेगवेगळ्या ठरीव तापमानांत ठेवले, तेव्हा गार जागी ठेवलेल्यांत मृत्यू अधिक झाले आणि तापाच्या उष्णतेत ठेवलेले अधिक संख्येने जगले. म्हणजे त्या गरम कोपऱ्यापर्यंत चालत जाण्याची मोकळीक हेच त्याचे औषध होते.

आता काचेची पेटी डोळ्यांसमोर आणा. बाहेरून पाहणाऱ्याला ती सुरक्षित वाटते. अन्न आहे, पाणी आहे, शत्रू नाही. पण त्या पेटीत सगळीकडे सारखीच उष्णता असेल, तर वाळवंटातल्या त्या बांधलेल्या प्राण्यात आणि या पाळीव जिवात फरक एवढाच, की याचे मरण संथ असते. तो खात नाही, सुस्त होतो, कात नीट टाकत नाही, आणि मालक म्हणतो, आमचा सरडा स्वभावानेच शांत आहे.

म्हणून थर्मोस्टॅट निवडण्याआधी पेटी निवडायची आणि पेटी निवडताना तिची लांबी पाहायची. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा आणि मधे पायऱ्या. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी, नाही तर भित्रा प्राणी गारठा सोसतो, पण आडोसा सोडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या बिअर्डेड ड्रॅगन या दाढीवाल्या सरड्याला उन्हाच्या जागी ४० अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता लागते, तर गार टोक २५ अंशांच्या जवळपास हवे. लेपर्ड गेको ही ठिपकेदार पाल अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या मुलखातली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. ती संध्याकाळी बाहेर पडते आणि दिवसभर तापलेल्या दगडाची ऊब पोटाने घेते. तिला खालून ३२ अंशांच्या जवळपास ऊब पुरते. आफ्रिकेतल्या बॉल पायथनलाही उबेच्या टोकाला साधारण तेवढीच लागते. प्राणी बदलला की उबेची जात बदलते. कोणाला वरून ऊन हवे, कोणाला खालून धग.

उबेची जात ठरली की यंत्राची जात आपोआप ठरते. ढोबळ मानाने थर्मोस्टॅट तीन प्रकारचे असतात.

पहिला साधा बंद-चालू प्रकार. ड्रेबेलच्या भट्टीचा हा थेट वंशज. याच्या शब्दकोशात दोनच शब्द, हो आणि नाही. तापमान ठरलेल्या आकड्याच्या एक-दोन अंश खाली-वर होत राहते. पेटीखाली ठेवायची सपाट हीट मॅट याच्यावर नीट चालते, कारण मॅट सावकाश तापते आणि सावकाश निवते. पण याला दिवा जोडला, तर तो दिवसभर उघडझाप करील. दिवा लवकर जाईल आणि प्राण्याला दिवस-रात्र कळेनाशी होईल.

दुसरा मंद करणारा प्रकार, ज्याला डिमिंग थर्मोस्टॅट म्हणतात. हा वीज तोडत नाही, हळूहळू कमी-जास्त करतो. ठरलेल्या अंशाजवळ आल्यावर दिवा मंद होतो, जसे ढगाआड ऊन मंदावते. उन्हासाठी लावलेल्या उष्ण दिव्याला हा योग्य. मात्र पाऱ्याच्या वाफेचे दिवे आणि अतिनील प्रकाशाच्या नळ्या याला कधी जोडू नयेत. त्या मंद करण्यासाठी बनवलेल्या नसतात. त्यांची उष्णता उंची बदलूनच आवरायची.

तिसरा प्रकार विजेचे छोटे छोटे झटके देणारा, म्हणजे पल्स थर्मोस्टॅट. उजेड न देता फक्त ऊब देणाऱ्या सिरॅमिक हीटरसाठी हा उत्तम. ऊब जवळजवळ एकसारखी राहते. दिव्याला जोडला, तर दिवा लुकलुकत राहतो, म्हणून दिव्याला तो नको.

या तिन्हींच्या टोकाला वायरला लावलेला एक इवलासा मणी असतो. बहुतेक वेळा तो थर्मिस्टर असतो, म्हणजे तापल्यावर ज्याचा विजेला होणारा विरोध बदलतो असा पदार्थ. काही पदार्थ तापल्यावर वीज अधिक सहज वाहू देतात, हे मायकेल फॅरेडे यांनी सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत १८३३ सालीच नोंदवले होते. इजिप्तच्या भट्टीवाल्याची पापणी ती आता हा मणी झाला आहे. यंत्राला जग कळते ते एवढ्याच ठिपक्यातून, म्हणून तो कोठे ठेवला याला यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्व आहे. मॅट असेल तर तिच्यावर, प्राणी जेथे पोट टेकतो तेथे तो घट्ट बसवायचा. दिवा असेल तर उन्हाच्या जागेशी. सापाने वेटोळ्याने तो मणी ओढून गार कोपऱ्यात टाकला, तर यंत्राला वाटते सारी पेटी गारठली आहे, आणि ते ऊब वाढवत जाते. यंत्र खोटे बोलत नसते. त्याला खोटे सांगितले गेलेले असते.

कळ अडकून वीज सुरूच राहणे, हा दुसरा धोका. म्हणून जुन्याजाणत्यांनी ठरवलेले काही नियम पाळावेत. थर्मोस्टॅटवरचा आकडा हा हुकूम असतो, पुरावा नव्हे. पुरावा म्हणून दोन्ही टोकांना वेगळे तापमापक हवेत. हीटर गरजेपेक्षा फार मोठा घेऊ नये. तो अडकून चालू राहिला, तरी पेटीची भट्टी होणार नाही एवढाच त्याचा जोर असावा. यंत्र किती वॅटचा भार पेलते ते पाहावे. आणि प्राणी आणण्यापूर्वी रिकामी पेटी किमान एक दिवस आणि एक रात्र चालवून पाहावी. आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासायला हवी. वीज जाऊन परत आल्यावर यंत्राला आधीचा आकडा आठवतो का? भारनियमन अनुभवलेल्या महाराष्ट्राला याचे कारण सांगायला नको.

एके काळी आत हीटर असलेले कृत्रिम दगड या छंदात फार लोकप्रिय होते. त्यांवर बसून पोट भाजलेले प्राणी पशुवैद्यांकडे येत राहिले. सरड्याला उष्णता कळते, मग तो उठून का जात नाही? निसर्गात ऊन नेहमी वरून येते आणि दगड त्याहून जास्त तापत नाही. बाकी पेटी गार आणि खालचा दगड मात्र चटका देणारा, हे कोडे त्याच्या पूर्वजांना कधी पडलेच नव्हते. ऊब शोधता शोधता तो चटक्यावर बसून राहतो. थर्मोस्टॅट हवा तो यासाठी. यंत्राने उबेचा आणि चटक्याचा फरक राखायचा आणि त्या मर्यादेच्या आत कोठे बसायचे ते प्राण्याने ठरवायचे.

गंमत अशी, की अंड्यांपासून निघालेला हा इतिहास फिरून अंड्यांपाशीच येतो. १९६६ साली सेनेगलमधल्या डाकार येथे मादलेन शार्निये या फ्रेंच संशोधिकेने अगामा जातीच्या सरड्यांविषयी लिहिले, की अंडी किती उष्णतेत वाढतात यावर नर होणार की मादी हे ठरते. सुरुवातीला त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आज ही गोष्ट सर्व मगरींच्या आणि बहुतेक कासवांच्या बाबतीत सिद्ध झालेली आहे. लेपर्ड गेकोची अंडी २६ अंशांना ठेवली तर जवळजवळ सगळ्या माद्या होतात, ३२ अंशांच्या थोडे वर बहुतेक नर, आणि त्याहून तापवली तर पुन्हा बहुतेक माद्या. दोन-तीन अंशांची हेळसांड येथे सबंध पिढी बदलून टाकते.

आपल्या कोकण किनाऱ्यावरही हे नाटक दर वर्षी चालते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सांभाळण्याचे काम सुरू केले. मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. सुमारे २९ अंशांच्या वर वाळू तापली की माद्या अधिक, खाली राहिली की नर अधिक. तेथे यंत्र नाही. खड्ड्याची खोली, वाळूची ओल आणि वरची सावली हाच त्यांचा थर्मोस्टॅट. किनारे तापत चालले, तर उद्याच्या समुद्रात नर किती उरतील, ही चिंता जगभरच्या कासव-अभ्यासकांना आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घोरपड, अजगर, स्टार कासव असे आपल्याकडचे वन्य प्राणी घरी पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी करणेही २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक झाले आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी आपले हवामान आहेच. थर्मोस्टॅट फक्त ऊब थांबवू शकतो, गारवा निर्माण करू शकत नाही. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेल्यावर हीटर बंद ठेवून भागत नाही. तेथे प्रश्न उलटा होतो आणि काचेची पेटी ही बंद मोटारीसारखी घातक ठरते. ज्याला हे दोन्ही ऋतू सांभाळता येणार नाहीत, त्याने पेटी न घेणे हीच भूतदया.

शेवटी एका शब्दाकडे वळतो. ‘टेंपरेचर’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणे. आणि युनानी हकीम नाडीवर बोटे ठेवून ज्याची चौकशी करतात, त्या ‘मिजाज’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थही मिश्रण असाच आहे. उष्ण, शीत, ओले, कोरडे यांचे प्रत्येक देहात वेगळे मिश्रण असते, तो त्याचा मिजाज. मराठीत येता येता त्याची ‘मिजास’ झाली, म्हणजे तोरा. आपल्या काचेच्या पेटीत दुसरा जीव ठेवणाऱ्या माणसापुढे हे दोन्ही शब्द उभे असतात. त्या जिवाचा मिजाज ओळखून पेटीची मांडणी करायची, की आपल्याला सोयीचा एक आकडा लावून मिजाशीत राहायचे? थर्मोस्टॅट कोणता घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर तेथूनच सुरू होते. त्यानंतर दुकानात जावे, वॅट पाहावेत, हमीपत्र पाहावे. आणि घरी आणल्यावर दोन दिवस यंत्राकडे पाहू नये, प्राण्याकडे पाहावे. तो ऊब आणि गारवा यांच्यात ये-जा करताना दिसला, तर निवड बरोबर झाली. सतत गार टोकाला चिकटलेला किंवा सतत दिव्याखाली पडून असलेला दिसला, तर आकडा कितीही बरोबर असो, तो बदलायला हवा.